सखाराम, तुझा लांबोडका घुमट

सखाराम, आज संध्याकाळी देवळाची माणसं माझ्याकडे आली होती. तात्या परब, गुरव आणि आणखी दोघे. तुझं तेरावं होऊन आठवडाही झालेला नाही. चहा घेतला, तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलले, आणि मग तात्याने हळूच विषय काढला. देवीच्या देवळापुढच्या चौकावरचा तुझा घुमट पाडायचा म्हणतात. मागच्या बाजूला चीर गेलीय, पावसाचं पाणी ऐन चौकात ठिबकतं, आणि आता सिमेंट मिळायला लागलंय तर एकदाच काय तो नीट बांधून घ्यावा. नीट म्हणजे गोल. गोल म्हणजे मी काढून दिला होता तसा.

"सखाराम होतो तवसर बोलाक जीभ उचलली नाय," तात्या म्हणाला. "आता तेका वायट वाटूचा नाय. मास्तरानू, तुमचो नकाशो आसा मां अजून?"

आहे. ट्रंकेत घडी न मोडता ठेवलेला आहे. उद्या सकाळी सांगतो म्हटलं आणि त्यांना वाटेला लावलं. खरं तर त्याच क्षणी हो म्हणायला हवं होतं. तुला खोटं सांगून काय उपयोग, तात्याचं बोलणं ऐकून पहिल्यांदा मला बरंच वाटलं. अगदी जिंकल्यासारखं. नंतर मात्र जेवण अर्धं टाकून उठलो. म्हणून तुला लिहायला बसलोय. तुझ्याशी भांडल्याशिवाय आजवर मी कुठल्याही घुमटाचा निकाल लावलेला नाही.

लोक गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसले की त्याच्या गुणांपासून सुरुवात करतात. मी हेव्यापासून करतो, कारण आपल्या दोघांत सगळ्यात जुनं तेच आहे. तुझ्या मनात माझ्याबद्दल हेवा कधीच नव्हता हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाही मला राग येतो.

आपण दोघं एकाच बोटीने मालवणहून मुंबईला गेलो होतो. परदेशी जाणाऱ्या जहाजावर काम मिळवायचं हा बेत माझा. जगातले मोठे घुमट एकेक करून बघायचे हे खूळही माझंच; इतिहासाच्या पुस्तकात विजापूरच्या गोल घुमटाचं एक धुरकट चित्र होतं, तेव्हापासून ते डोक्यात बसलेलं. तुला घुमटाशी काही कर्तव्य नव्हतं. मी एकटा मुंबईत हरवेन म्हणून तू आलास, एवढंच. डॉक्टरने आधी तुला तपासलं आणि पास केलं. मग मला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. खालच्या ओळी मला दिसेनात. ज्याला जग बघायचं होतं त्याचे डोळे कच्चे निघाले, आणि जो सोबतीला आला होता तो आचाऱ्याच्या हाताखाली जहाजावर चढला. मी परत आलो, चष्मा घेतला आणि शाळेत ड्रॉइंग शिकवायला लागलो.

त्यानंतर मी घुमट वाचले. वाचनालयात जे होतं ते वाचलं, नव्हतं ते कोल्हापूरहून मागवलं. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर चार कोपरे उघडे पडतात. ते कोपरे कसे मिटवायचे यावर रोमपासून इराणपर्यंत माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकी झिजवली. कुणी कोपऱ्यात लहान कमानी टाकल्या, कुणी खालून वर फुगत जाणारे तिकोनी तुकडे बांधले, विजापूरकरांनी कमानीत कमानी अडकवून सगळं ओझं आतल्या आत तोललं. मी फळ्यावर मोठा लाकडी कंपास धरून हे मुलांना सांगायचो. मुलं जांभया द्यायची.

आणि तू बघत होतास. तेही कसं, तर भाजी चिरून उरलेल्या वेळात.

तुझं जहाज इस्तंबूलला लागणार हे कळल्यापासून तुझ्या सुट्टीची वाट तुझ्या बायकोपेक्षा मी जास्त पाहिली असेन. आलास, माझ्या अंगणात, खळ्यात मांडी घालून बसलास. मी तिथल्या आया सोफिया या जुन्या चर्चबद्दल विचारलं. त्या घुमटाच्या बुडाशी खिडक्यांची एक रांग आहे, त्यातून उजेड असा येतो म्हणे की वरचा घुमट कशावर टेकलाय तेच कळत नाही. ते खरं का, हे मला ऐकायचं होतं. तू म्हणालास, आत गेलो होतो, वर बघून मान दुखायला लागली, मग बाहेर येऊन चहा प्यायलो. आणि पुढचा अर्धा तास तू मला त्या चहाच्या पेल्याचं वर्णन केलंस, की तो कमरेत कसा बारीक असतो. सखाराम, त्या दिवशी मला तुझे डोळे काढून घ्यावेसे वाटले. तुला ते नको होते असं नाही, पण तू ते चहाच्या पेल्यावर खर्च करत होतास.

बरं, एवढंच असतं तर मी तुला अडाणी म्हणून सुखी झालो असतो. पण रोमचं काय करायचं? नेपल्सहून दोघा-तिघा खलाशांबरोबर आगगाडीने रोमला गेलास आणि पँथिऑन नावाचं जुनं देऊळ पाहून आलास. त्याच्या घुमटाच्या माथ्याला मोठं भोक आहे, आभाळाला उघडं. त्याची उंची आणि रुंदी सारखी, आत एक अख्खा चेंडू मावेल, हे मला तोंडपाठ होतं. तुला त्यातलं काही माहीत नव्हतं. तू मजेत सांगत होतास.

"वासू, देवळात पाऊस पडत होतो," तू म्हणालास. "ऐन मदी. खांबासारखो. लोक बाजूक उभे रवान बघत होते, आणि कोण काय लावूक धावलो नाय."

माझ्या पुस्तकांत त्या भोकाचं माप होतं, त्यामागचा हेतू होता, पावसाचा खांब कुठे नव्हता. डोकं दुखतंय सांगून मी तुला घरी पाठवलं. तू जाताना आमच्या हिला सांगून गेलास, मास्तराला सुंठ उगाळून लाव. तिने लावली. कपाळाची आग झाली ती सुंठीने, असं ती समजली.

आणि विजापूर. तो एकच मोठा घुमट माझ्या आवाक्यातला होता. शाळेची सहल मी ठरवली, हेडमास्तरांना मी पटवलं, फोंडाघाटावरून कोल्हापूरला कुठल्या गाडीने जायचं आणि पुढे रेल्वे कशी गाठायची हे सगळं मी आखलं. निघायच्या आदल्या दिवशी मला ताप भरला. त्यातच स्वयंपाक्याने नकार कळवला. तू सुट्टीवर होतास. झालं. माझ्या सहलीला तू गेलास, आणि गाडीतली खिडकीजवळची जागासुद्धा तुलाच मिळाली. मी मुलांकडे चौकशी केलीय. परत आलास तो थेट माझ्या अंथरुणाशी. मी घुमटातल्या प्रतिध्वनीचं विचारलं. सगळी मुलं टाळ्या वाजवत होती, कुणी शीळ घालत होतं, असं तू सांगितलंस.

"माझी पाळी इली तशी तुझा नाव घेतलंय," तू म्हणालास. "वासू म्हटलंय. घुमटान किती वेळा म्हटल्यान देव जाणा. तू येवंक नाय, नाव तरी जावंदे."

मी भिंतीकडे तोंड केलं. तापाचं निमित्त होतं. तेव्हा मला जे वाटलं ते प्रेम होतं की संताप, हे आजही नीट सांगता येत नाही. माझं नाव विजापूरला जाऊन आलं, मी गेलो नाही. नंतर जायला कुणी अडवलं होतं, असं तू विचारायचास. तू पाहिलेलं मागाहून बघायला मला जायचं नव्हतं, बस.

आपला तो वाद तर अर्धाच राहिला. घुमट आतून बघायचा की बाहेरून? मी म्हणायचो आतून, कारण बांधणाऱ्याचं खरं डोकं आत दिसतं. तू म्हणायचास बाहेरून, आणि तोही पाण्यावरून. इस्तंबूल असो, व्हेनिस असो, लंडनचा सेंट पॉल असो, जहाजावरच्या माणसाला शहर दिसायच्या आधी घुमट दिसतो आणि आता जमीन आली हे कळतं, त्यासाठीच लोक ते बांधतात, असं तुझं म्हणणं. मी हसायचो. राजांनी काय खलाशांच्या सोयीसाठी खजिने ओतले? मग कशासाठी ओतले ते सांग, असं तू म्हणालास. तेव्हा मी जे सांगितलं ते तुला पटलं नाही, पण मला अजून पटतं. जगातला एकूण एक मोठा घुमट हेव्यापोटी झालाय. तुर्कांनी इस्तंबूल घेतलं, समोर आया सोफिया उभी, ती डोळ्यांत सलली, म्हणून त्याच शहरात एकाहून एक घुमट चढले. रोमच्या थोरल्या चर्चचा घुमट सुरू झाला तेव्हा फ्लॉरेन्सचा डोळ्यांसमोर होता, आणि लंडनच्या डोळ्यांसमोर रोमचा. विजापूरच्या आदिलशहाच्या डोळ्यांसमोर तर सख्ख्या बापाची कबर होती; नाजूकपणात तिला मागे टाकता येईना, म्हणून त्याने आकारात टाकलं. घुमटाला चुन्याइतकाच हेवा लागतो, असं मी म्हणालो. तू म्हणालास, वासू, तुझ्याकडे चुना सोडून सगळं आहे. सगळं खळं हसलं.

म्हणूनच देवीच्या चौकावरच्या कौलारू छपराचे वासे कुजले आणि घुमट बांधायचं ठरलं तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. आठ कोपऱ्यांचं बूड, त्यावर शुद्ध गोल घुमट. कंपास लावून, शाई भरून नकाशा केला. गावाच्या बैठकीत तो हातोहात फिरला आणि सगळ्यांनी मान डोलावली. मग गावच्या मेस्ताने, ज्याने जन्मभर होड्या बांधल्या, त्याने विचारलं की चिरे बसेपर्यंत त्यांना खालून धरायचा साचा कसा करायचा. मी समजावलं. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. तू मागे खांबाला टेकून बसला होतास, सुट्टीवर होतास नेहमीप्रमाणे नको त्या वेळी.

"होडी बांद," तू मेस्ताला म्हणालास. "उपडी घाल. वर चिरे लाव."

बैठकीतल्या सगळ्यांचे चेहरे उजळले. दर्यावर्दी गाव ते, होडीच्या फासळ्या कशा लावतात हे तिथल्या पोराबाळांनाही कळतं. मी म्हणालो, होडी गोल नसते. पण तोवर कौल लावायचं ठरलं होतं. गुरवाने देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं की सखारामाचा साचा मान्य असेल तर उजवी दे. हा प्रश्नच तुझ्या बाजूने घातला होता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. वास्तूचा प्रश्न पाकळीवर सोडायचा का, हेही म्हणालो. कुणी ऐकलं नाही. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी घरंगळली. मुंबईचा डॉक्टर, शाळेचा हेडमास्तर, विजापूरचा घुमट सगळे तुझ्या बाजूचे होतेच. आता देवीही गेली.

मेस्ताने चौकात साचा उभा केला. त्याच्या हाताला गोल माहीतच नव्हतं. जन्मभर त्याने पुढचं टोक, नाळ, निमुळतं करत आणलेलं, तसंच इथेही केलं. मी दोरी लावून दाखवलं की पूर्व-पश्चिम लांब होतंय आणि पश्चिमेला नाक निघालंय. तू चौकाबाहेर समुद्राच्या बाजूला गेलास, डोळे बारीक केलेस आणि 'बरो दिसता' म्हणालास. मी म्हणालो, मागचा जोड गवंड्याला पाचरी मारून भरावा लागेल, तिथे उद्या चीर जाईल. तू म्हणालास, उद्याचं उद्या. साचा काढला त्या दिवशी सगळा गाव चौकाबाहेर श्वास धरून उभा होता. मीही धरला होता, आणि कशासाठी ते विचारू नकोस. घुमट राहिला.

मग त्याला चुना दिला आणि तो पांढरा झाला. मासे घेऊन परतणाऱ्या होड्या त्याच्यावर नजर ठेवून किनाऱ्याला लागायला लागल्या. वेंगुर्ल्याकडचे लोकही त्याला सखारामाचा घुमट म्हणायला लागले. आमची ही दर मंगळवारी देवळात जाऊन येते आणि मला ऐकवते की चौकात काय गार वाटतं. मी म्हणायचो, गार वाटणं आणि गोल असणं वेगळं. ती म्हणायची, असू दे की वेगळं. तुला या नावाचं काही नव्हतं. कुणी कौतुक केलं की तू मेस्ताकडे बोट दाखवायचास, आणि वर म्हणायचास की घुमटाचं खूळ मूळ आमच्या वासूचं. हे तू खरं मनापासून म्हणायचास. तुझा घुमट वाकडा झाला त्याचं कारण हेच. त्यात कुणाला हरवायचं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत तुला भेटायला आलो होतो तेव्हा चिरेचं बोलणं निघालं. मी सांगितलं होतं तिथेच ती गेली होती, बोटभरही इकडेतिकडे नाही. तू पडल्या पडल्या म्हणालास, वासू, तू जिंकलास. दम्याने तुझा श्वास पुरत नव्हता, आणि धाप लागलेल्या माणसाशी मी वाद घालत नसतो. पण तो विषय मी संपलेला धरलेला नाही.

हे सगळं काल लिहिलं. आज सकाळी तात्या आला. गुरवही होता, पाकळ्यांची तयारी करायची का विचारायला. मी दोघांना खळ्यातच उभं केलं.

"पाडू नकात," मी म्हटलं. "चीर भरा. चुनो मी सांगतंय तसो कालवा."

तात्या बुचकळ्यात पडला. इतकी वर्षं ज्या घुमटाला मी उपडी होडी म्हणत आलो त्याचा मला एकदम पुळका कसा, हे त्याला कळेना. मी त्याला कारण सांगितलं. आया सोफियाचा पहिला घुमट बांधल्यावर थोड्याच वर्षांत भूकंपाने खाली आला. लोकांनी दुसरा बांधला, चांगला उंच, तो अजून उभा आहे. तरी तोंडभरून वर्णनं झाली ती पडलेल्याची. पडलेल्या घुमटात दोष उरत नाही, ना वाकडेपण, ना गळती. आज सखारामाचा पाडलात तर दहा वर्षांनी हाच गाव सांगेल की तसा घुमट पुन्हा झाला नाही, आणि माझ्या गोल घुमटाकडे बघून उसासे टाकेल. तो मला उभा हवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो लांबोडका आहे हे दिसायला हवं. मी जिवंत आहे तोवर ते दाखवायला मी आहे.

तात्याने सगळं ऐकून घेतलं आणि गुरवाला म्हणाला, मास्तरांचा मन मोठा. आता हे गावभर होणार. तुझ्यापायी मला मोठ्या मनाचा म्हणवून घ्यावं लागणार, एवढंच बाकी होतं.

पण हे झालं तात्याला द्यायचं कारण. ते खोटं नाही. तुझ्यासाठी मात्र आणखी एक आहे.

ते गेल्यावर मी ट्रंक उघडून नकाशा काढला. चांगला आहे रे. मी उगाच म्हणत नाही, रेघ कुठे हललेली नाही. बांधला असता तर गोल झाला असता, आणि आतून फारच सुंदर दिसला असता. मी खाली चौकात उभा राहून वर पाहिलं असतं. तू कुठले कुठले घुमट पाहून आलास, माझ्या आवाक्यातलाही माझ्याआधी पाहिलास. मी पाहिलाय आणि सखारामाने नाही असा एक तरी घुमट या जगात असावा, एवढंच मला मुंबईच्या त्या डॉक्टरच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून हवं होतं. काल तात्या तोच घेऊन दारात आला. आणि तुझ्यासमोर बसून, सखाराम, हा मी बघितला, तू नाही बघितलास, असं तुला म्हणता येत नसेल, तर तो घुमट घेऊन मी करू काय?